रोजचे ६६४ रुपये

‘एका निवृत्त प्राचार्यांचे अनुभवाचे बोल. प्रत्येक पालकाने वाचावे व पुढे पाठवावे.’ दहावीचा निकाल लागल्यापासून हा मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा खुद्द दाजींनी टाकला, खाली भाच्याचं नाव लिहून. प्राचार्य कुठले, नाव काय, पत्ता नाही. मुद्दे सात. मथितार्थ असा की आयआयटी, निदान राज्यातलं पहिल्या दोन-तीनांतलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं नाही तर मुलगा ‘बापाच्या पायरीवरून खाली घसरतो’ आणि त्याला कारण आईबापाचे लाड.

एरवी मी असल्या मेसेजना हात जोडतो आणि पुढे जातो. या वेळी जमलं नाही, कारण मागच्या रविवारी मी ताईकडे साताऱ्याला होतो.

मेसेजातला तिसरा मुद्दा असा आहे: ‘मुलाला कर्जाची जाणीव रोज करून द्या. फीचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर राहू द्या.’ रात्री पांघरूण काढायला भाच्याचं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने भागाकार केलेला. ४,८५,००० भागिले ७३०. आयआयटीच्या तयारीच्या क्लासची दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचे दिवस. उत्तर ६६४, खाली दोन रेघा. त्याखाली तारखा. एकीपुढे ‘ताप, २ दिवस’ आणि १,३२८. दुसरीपुढे ‘आजीचं वर्षश्राद्ध, अर्धा दिवस’ आणि ३३२. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, “बाबा रोज जेवताना फीचं सांगतात ना मामा, म्हणून हिशेब ठेवलाय. वाया किती गेले ते कळतं.”

बँकेचा वसुलीवालासुद्धा माणसाच्या ताटावर येऊन बसत नाही. पोरगं सोळाचंही झालेलं नाही, कर्ज त्याने काढलेलं नाही, सही दाजींची आहे. आजीच्या श्राद्धाला बसल्याचे ३३२ रुपये स्वतःच्या नावावर मांडणारा मुलगा जास्त अभ्यास करेल असं ज्या प्राचार्यांना वाटतं, त्यांनी किती मुलं शिकवली कोण जाणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,७६४. प्रत्येकीमागे फी होती असं मी म्हणत नाही. पण हा आकडा असलेल्या राज्यात ‘जाणीव रोज करून द्या’ हे लिहायला छाती लागते.

चौथा मुद्दा याचाच भाऊ: दर महिन्याला मार्कांवरून बॅच बदलणारा क्लास निवडा, ‘अपमानाने मुलगा पेटून उठतो’. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच करू नका असं सांगितलंय. गुणांवरून बॅचेस पाडायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. विषय संपला.

‘मेहनत केली तर कुणालाही आयआयटी मिळते.’ २०२४ साली जेईई मेनला, म्हणजे आयआयटीच्या वाटेवरच्या पहिल्या परीक्षेला, १४ लाखांच्या वर मुलं बसली. सगळ्या २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे ऐंशीत साधारण एक. सगळ्यांनी दुप्पट मेहनत केली तरी जागा तेवढ्याच राहतात, फक्त कटऑफ वर जातो.

‘जगातल्या मोठ्या कंपन्यांचे प्रमुख पाहा.’ पाहिले. यादीत गूगलचे पिचाई आहेत, ते खरगपूर आयआयटीचे, मान्य. त्यांच्या शेजारी मायक्रोसॉफ्टचे नडेला आहेत, ते मणिपालचे. अडोबीचे शंतनू नारायण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले. यादी करणाऱ्याने निदान शोधून तरी बघायचं.

आता ती पायरी. दाजी कराडच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून १९९९ साली बांधकाम खात्यात लागले. कॉलेजचं नाव कुणी विचारलं नव्हतं. कायम नोकरी, जुनी पेन्शन, त्यावर साताऱ्यात घर. ही पायरी खरोखरच मोडली आहे, पण ती भाच्याच्या मार्कांनी मोडलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली, कायम पदांच्या जागी कंत्राट आलं. आयआयटीचा शिक्काही या पडझडीपासून वाचवतोच असं नाही. शिक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचा मार्च २०२५ चा अहवाल सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात २३ पैकी २२ आयआयटींत बी.टेक.च्या प्लेसमेंटचं, म्हणजे कॅम्पसवरूनच नोकरी लागण्याचं, प्रमाण घसरलं. पवईचं आयआयटी सुमारे ९६ टक्क्यांवरून ८३ वर आलं. बाजार पडला की तिथेही पडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत आहे, आणि बंबाचं भाडं पावणेपाच लाखांच्या वर.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, मनात नसलं तरी. नावाला किंमत आहे. चांगल्या कंपन्या मोजक्याच कॅम्पसवर येतात, आधीच्या बॅचची मुलं फोन उचलतात, आणि ज्याच्या घरात याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी तर पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमधली एक जागा अख्ख्या घराचं नशीब पालटते. मिळत असेल तर घ्यावीच. भाच्याला मिळाली तर पहिला पेढा मी वाटीन. पण मेसेज हे म्हणत नाही. तो म्हणतो, नाही मिळाली तर मुलगा वाया.

बाकीचे दोन मुद्दे मोबाईलचे आणि पहाटे चारला उठण्याचे आहेत. त्यावर काय बोलायचं. मोबाईल दाजींनी आधी आपला बाजूला ठेवावा, हा मेसेज त्यांनी पहाटे ४.१० ला टाकलाय.

निघण्याआधी दाजींना एकट्याला बोलावून कपाटाचं ते दार उघडून दाखवलं. बराच वेळ बघत उभे राहिले. बोटाने ओळी मोजल्या. मग म्हणाले, “भागाकार बरोबर आहे.”