आयत्या वेळचे विषय

गेल्या ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी साडेसात वाजता माझा नवरा डोक्यापासून पायापर्यंत साबण माखलेल्या अवस्थेत बाथरूममधून ओरडला, "अगं, पाणी गेलं!"

पुण्यात गुरुवारी पाणी जाणं ही काही बातमी नव्हे. पण या वेळी पाणी सोसायटीच्याच टाकीतलं गेलं होतं, आणि टाकी धुवायची आहे, सकाळी सहाच्या आत भरून ठेवा, असा निरोप सेक्रेटरींनी आदल्या रात्री ग्रुपवर रीतसर टाकला होता. मी मोबाइल घेऊन उत्खननाला बसले. त्या निरोपावर ए-७०२ च्या नातवाच्या वाढदिवसाच्या ६१ शुभेच्छा, त्यात ९ केक, खडकवासल्यातून किती क्युसेकने पाणी सोडलं याचे दोन न जुळणारे आकडे, मेथीदाण्याचे फायदे, पार्किंगमध्ये सापडलेल्या एका किल्लीचा फोटो आणि ती किल्ली आपली नसल्याचे १४ खुलासे, एवढा ढिगारा होता. धरणातून हजारो क्युसेक पाणी नदीत चाललं होतं आणि नवऱ्याला मी फिल्टरच्या तीन तांब्यांत विसळून काढलं.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तेवीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवते आहे. ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ मध्ये जगातलं सगळं ज्ञान ००० ते ९९९ या आकड्यांत बसवलं. कुत्रा म्हटला की ६३६.७, स्वयंपाक म्हटला की ६४१.५, पाणीपुरवठा म्हटला की ६२८.१. अशा बाईला ७२ फ्लॅटच्या सोसायटीच्या गप्पा चार खणांत लावता येऊ नयेत?

हा प्रश्न मनात ठेवला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. मी तो वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारला.

आमची सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. सकाळी दहाला गणपूर्ती नसल्याने ती तहकूब होते आणि साडेदहाला त्याच ठिकाणी, त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरते. लोक थेट तहकूब सभेलाच येतात, कारण वडा-सांबार पावणेअकराला येतं. विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त, हिशेब, लेखापरीक्षक असे सगळे विषय असतात आणि ते दहा मिनिटांत "मंजूर, मंजूर" म्हणून संपतात. मग येतो शेवटचा विषय : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. खरी सभा तिथून सुरू होते आणि दीड वाजता कुणाचा तरी कुकर गॅसवर असल्यामुळे संपते. त्याच विषयात मी उभी राहून म्हणाले, की ग्रुपचं विषयवार वर्गीकरण करावं.

सेक्रेटरींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत पहिल्यांदा कोवळं ऊन पडलेलं मी पाहिलं. "उत्तम सूचना. म्याडमनीच करावं." अनुमोदन सतरा जणांनी दिलं, त्यातल्या सहांच्या तोंडात वडा होता.

व्हॉट्सॲपवर २०२२ पासून 'कम्युनिटी' म्हणून सोय आहे. एका छत्राखाली अनेक ग्रुप मांडता येतात आणि वर एक सूचनाफलक, ज्यावर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. मी शनिवार-रविवार बसून पाच ग्रुप काढले. 'पाणी-वीज-लिफ्ट', 'पार्किंग', 'देवाणघेवाण', 'शुभेच्छा व श्रद्धांजली' आणि 'इतर'. शेवटचा ग्रुप ही माझी घोडचूक. कुठल्याही कपाटात 'इतर' नावाचा खण ठेवला की बाकीचे खण रिकामे राहतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

पहिली हरकत अर्ध्या तासात आली. शुभेच्छा आणि श्रद्धांजली एकत्र कशा? ए-७०२ च्या काकूंना ते अशुभ वाटलं. मी त्यांना समजावलं की काकू, ड्यूईनेसुद्धा ३९३ ला मृत्यूचे विधी ठेवलेत आणि ३९४ ला सणसमारंभ, अगदी खेटून. काकू म्हणाल्या, "त्यांच्यात चालत असेल." आणि ३९५ ला काय येतं ते मी सांगितलं नाही. ३९५ ला शिष्टाचार येतो.

पण माझी खरी परीक्षा घेतली ती बी-३०४ च्या काकांनी. निवृत्त माणूस, पहाटे पाचला उठतो, सव्वापाचला लिहायला बसतो. नव्या रचनेतला त्यांचा पहिला संदेश मी जसाच्या तसा देते :

"सु-प्रभात. काल रात्रौ ११ वाजता लिफ्टसमोर पाणी साचलेले आढळले. वॉचमन जागेवर नव्हता. माझ्या जागेत पुन्हा तीच पांढरी गाडी. गाडीखाली कुत्रे निजले होते, ते कोणाचे? सी-१०१ यांस मुलीच्या साखरपुड्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शिडी कोणी नेली आहे?"

हा संदेश त्यांनी पाचही ग्रुपवर टाकला होता. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची काही चूक नव्हती. पाणी एका ग्रुपचं, गाडी दुसऱ्याचं, साखरपुडा तिसऱ्याचं, शिडी चौथ्याचं, आणि कुत्रं 'इतर'मध्ये. ड्यूई इथे हात टेकतो, कारण एका पुस्तकाला एकच जागा हा त्याचा खाक्या.

म्हणून मला आमचे रंगनाथन आठवले. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण दर वेळी वेगळं खेळणं. त्यावरून त्यांना सुचलं की विषयाला ठरलेल्या खणात कोंबायचं नाही, त्याचे सुटे भाग करून मध्ये द्विबिंदू देत जोडायचे. व्यक्तिमत्त्व, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ. १९३३ चं हे द्विबिंदू वर्गीकरण. मी रात्री जेवणानंतर काकांचा संदेश घेऊन बसले. पदार्थ : पाणी. क्रिया : साचणे. स्थळ : लिफ्टसमोर. काळ : रात्रौ ११. सगळं चपखल बसलं. व्यक्तिमत्त्वाच्या जागी मात्र पाचही ग्रुपवर काकाच येत होते.

मी शेवटी नम्र निवेदन टाकलं. "कृपया संदेश विषयानुरूप ग्रुपवरच टाकावेत." कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. काकूंनी चार मिनिटं बारा सेकंदांचा आवाजी निरोप पाठवला, त्यात पहिली तीन मिनिटं मागे मिक्सर चालू होता. उरलेल्या सव्वा मिनिटाचा मथितार्थ असा, की त्या या सोसायटीत १९९८ पासून राहतात.

मग मी कठोर व्हायचं ठरवलं. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. 'पार्किंग' ग्रुपवर कुणीतरी सुरळीच्या वड्यांची कृती टाकली होती, ती मी पुसली. पुसल्यावर त्या जागी काय उरतं? 'हा संदेश ॲडमिनने काढून टाकला', शेजारी माझं नाव. पाच मिनिटांत पहिला फोन आला. "काय होतं हो त्यात?" मी म्हटलं, सुरळीच्या वड्या. पलीकडे शांतता. "बरं. सांगायचं नसेल तर राहू द्या." संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये चर्चा होती की पाहुण्यांच्या पार्किंगसाठी कुणीतरी कुणाला पैसे दिले आणि त्याचा पुरावा मी दाबला. बी विंगमधले एक वकीलसाहेब मला जिन्यात थांबवून हळूच म्हणाले, "स्क्रीनशॉट असेल कुणाकडे तर अडचण होईल तुम्हाला." मी म्हटलं, असेल तर मला पाठवा, माझी नेहमी फाटते, बेसनाला ताक किती ते पाहायचंय.

नवऱ्याने धीर दिला. त्याने कुठूनतरी शोधून काढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय, सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन निव्वळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. "कोर्टाने सोडलंय तुला," तो म्हणाला. कोर्टाने सोडलं होतं, पण कोर्ट सी विंगमध्ये राहत नाही.

दरम्यान माझ्या खणांचं काय झालं तेही सांगते. 'पाणी-वीज-लिफ्ट'मधून पहिल्या मजल्यावरचे सगळे बाहेर पडले, कारण त्यांना लिफ्टशी घेणं नाही आणि पाणी त्यांना कायम असतं. 'पार्किंग'वर सुरुवातीला चार दिवस धुमश्चक्री झाली आणि मग चिडीचूप. मला वाटलं प्रश्न सुटला. चौकशी केली तर काका म्हणाले, "तिथे फक्त गाडीवाले आहेत. त्यांना सांगून काय उपयोग? ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना कळायला नको, कोण कुठे लावतो ते?" बोलता बोलता त्यांनी माझ्या तेवीस वर्षांच्या विद्येत सुरुंग लावला. मी समजत होते की माणूस तक्रार करतो ती दूर व्हावी म्हणून.

'शुभेच्छा व श्रद्धांजली'मधून मात्र एकही जण गेला नाही. अशुभ म्हणणाऱ्या काकूसुद्धा नाही. ७२ फ्लॅटमधले १३८ जण तिथे ठाण मांडून होते. आपला वाढदिवस कधी येईल सांगता येत नाही, आणि दुसऱ्याचं दुसरं काही कधी येईल तेही.

डिसेंबरातल्या एका पहाटे पंपाची मोटार जळाली. सेक्रेटरी बिचारे झोपेत होते. जिथे सगळी माणसं आहेत तिथेच निरोप टाकावा एवढाच व्यवहारी विचार त्यांनी केला आणि 'शुभेच्छा व श्रद्धांजली'वर लिहिलं, "पहाटे ५ वाजता मोटार गेली."

सव्वापाचला काकांचं उत्तर आलं. "भावपूर्ण श्रद्धांजली."

त्यानंतर आठ वाजेपर्यंत २६ श्रद्धांजल्या झाल्या. 'ॐ शांती', हात जोडलेली चित्रं, एक विझणारी समई. कुणीतरी विचारलं, वय काय होतं? सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे लिहिलं, "१४ वर्षे." त्यावर पुन्हा हळहळ. सी-४०३ च्या ताईंनी लिहिलं, की काही दिवसांपासून आवाज बदललाच होता. त्या एकट्यांना विषय कळला होता. ए विंगमधून विचारणा झाली, "कधी नेणार?" सेक्रेटरी म्हणाले, "रिवाइंडिंगला दहा वाजता." मग शांतता पसरली आणि एकेकाने नळ उघडून पाहिले.

त्याच दुपारी कुणीतरी 'आपली सोसायटी (जुना ग्रुप)' नावाचा नवा ग्रुप काढला. मला त्यात घेतलं, ॲडमिन केलं नाही. कम्युनिटीही अजून आहे, ती मोडायलाही सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो असं वकीलसाहेबांचं मत आहे.

आणि गेल्याच आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेदहा. दूध कोमट करून ठेवलं आणि पाहते तर विरजणाची वाटी घासायला पडलेली. सकाळी सासूबाई यायच्या होत्या, त्यांना दही घरचंच लागतं. मी 'देवाणघेवाण' उघडला. सदस्य चार, त्यातली एक मी, एक माझा नवरा. नवऱ्याकडे विरजण नव्हतं, तो समोरच बसला होता. 'जुना ग्रुप' उघडला, तर तिथे क्रिकेटवरून भांडण पेटलेलं. घड्याळ पुढे चाललं होतं, दूध निवत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि 'पाणी-वीज-लिफ्ट'वर लिहिलं, "चमचाभर विरजण आहे का कुणाकडे?"

तीन मिनिटांत बेल वाजली. दारात बी-३०४ चे काका, अंगावर शाल, हातात झाकण ठेवलेली स्टीलची वाटी.

"घ्या. कवडी दही आहे, आमच्या हिने लावलेलं," ते म्हणाले. मी वाटी घेतली. काका जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"तुम्ही ते चुकीच्या ग्रुपवर टाकलंत," ते म्हणाले. "आणि ती पांढरी गाडी आजही आहे. वाटी सकाळी पाठवा, घाई नाही. शिडी तुमच्याकडे तर नाही ना?"