पाळणाघराचा तपासनीस

पत्नीची कामावर परतण्याची तारीख जवळ आली, तेव्हा मुलीसाठी पाळणाघर शोधण्याची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली. स्वतःहून, असे माझे म्हणणे आहे. पत्नीच्या मते ती जबाबदारी तीन आठवडे माझ्यामागे घरभर फिरत होती.

सुरुवात मी वाचनाने केली आणि तिथेच झोप गमावली. बाळाला उताणे, टणक गादीवर, उशी आणि मऊ खेळणी दूर ठेवून निजवावे, वर्षाच्या आतील चार बाळांमागे निदान एक मोठे माणूस असावे, पडद्याची लोंबती दोरी, चपटी गोल बॅटरी आणि बादलीतले वीतभर पाणी यांपैकी कशालाही क्षुल्लक समजू नये, असे बरेच काही वाचून मी सव्वीस प्रश्नांची यादी तयार केली. सरावासाठी म्हणून ती प्रथम स्वतःच्याच घराला लावून पाहिली. पुस्तकांचे कपाट भिंतीला जखडलेले नव्हते, औषधे कोणालाही उघडता येईल अशा खणात होती, रिमोटच्या बॅटरीचे झाकण गेली दोन वर्षे चिकटपट्टीच्या भरवशावर होते, आणि ही तपासणी चालू असताना कन्येने पलंगाखालून आणलेले पेनाचे टोपण मला तिच्या तोंडातून काढावे लागले. घर नापास झाले. ते बदलणे शक्य नसल्यामुळे मी निकाल जाहीर केला नाही. खण आणि रिमोट मात्र त्याच रात्री दुरुस्त केले.

पहिल्या पाळणाघराच्या भिंतींवर सतरा प्राणी रंगवलेले होते, जमिनीवर चौदा मुले होती आणि या सर्वांवर लक्ष ठेवण्यासाठी एक बाई होत्या, ज्यांचे स्वतःचे लक्ष मोबाइलवर होते. त्यातल्या त्यात प्राण्यांची चिंता नव्हती. ते जागचे हलत नव्हते.

दुसऱ्या ठिकाणी आठ कॅमेरे होते आणि पालकांना दिवसभर मुले मोबाइलवर पाहता येतील, असे चालकांनी अभिमानाने सांगितले. पडलेल्या मुलाला यांपैकी कोणता कॅमेरा उचलतो, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, तरी मी विचारला. मला खरा खटकला तो त्यांचा पुढचा नियम : पालकांनी आधी वेळ ठरवल्याशिवाय आत यायचे नाही, कारण त्यामुळे मुले विचलित होतात. ज्या घरात आपले मूल आहे तिथे आपल्याला अवचित जाता येत नसेल, तर तिथे मूल ठेवू नये, या मतावर मी आजही ठाम आहे.

म्हणून तिसऱ्या ठिकाणी मी मुद्दाम न कळवता, ऐन दुपारी गेलो. भिंतींचा रंग उडालेला होता आणि प्राणी एकही नव्हता. संचालिकाबाईंनी मला दारातच थांबवून नाव, काम आणि ओळखपत्र विचारले, वहीत नोंद केली आणि आत घेण्यापूर्वी हात धुवायला लावले. मी घाईने नळ बंद करू लागलो, तेव्हा शेजारी हात धुणारी एक चिमुरडी मोठ्याने आकडे म्हणत होती. तिचे वीस होईपर्यंत मलाही थांबावे लागले. मुलांचे लंगोट बदलण्याची जागा जेवणाच्या जागेपासून दूर होती, जिन्याला फाटक होते आणि सांभाळणाऱ्या दोघींपैकी एक सात वर्षे, तर दुसरी चार वर्षे तिथे टिकून होती. घास अडकला तर काय कराल, असे मी विचारताच बाईंनी एक बाहुली पालथी धरून तिच्या खांद्यांच्या मधोमध पाच थापा दिल्या, तिला उताणी करून छातीवर पाच वेळा दाब दिला, आणि वर्षाच्या वरच्या मुलांसाठी कृती थोडी वेगळी असते हेही सांगितले. मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. मुलीला कशाची ॲलर्जी आहे? पाणी हवे असले की ती काय म्हणते? झोप आल्यावर कान ओढते की डोळे चोळते? तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मला पत्नीला फोन करून मिळवावी लागली.

तरीही तपासनिसाची ऐट राखण्यासाठी मी सतरावा प्रश्न गंभीर आवाजात विचारला. “मुलाला न्यायला भलताच माणूस आला तर?”

“नाव यादीत नसेल तर आम्ही मूल कोणालाही देत नाही.”

“कोणालाही म्हणजे?”

“कोणालाही.”

प्रवेशाचा अर्ज मी तिथेच बसून भरला. न्यायला येणाऱ्या व्यक्तींच्या रकान्यात पत्नी, आजी आणि मावशी यांची नावे फोन क्रमांकांसह लिहिली. शेजाऱ्यांचे नाव बराच विचार करून, सुरक्षेच्या दृष्टीने, खोडून टाकले.

पहिल्या दिवशी सकाळी पत्नी मुलीला सोडून आली आणि संध्याकाळी मी आणायला गेलो. दारात संध्याकाळच्या पाळीच्या बाई होत्या. त्यांनी वही उघडली, वरून खाली बोट फिरवले आणि माझे नाव यादीत नसल्याचे सांगितले. नदी पार केल्यावर सगळ्यांना मोजताना स्वतःलाच विसरणाऱ्या दहा शहाण्यांच्या गोष्टीला मी लहानपणी फार हसलो होतो.

“अहो, मी तिचा बाप आहे!”

“असाल,” बाई शांतपणे म्हणाल्या.

मी मोबाइलमधली मुलीची चारशे छायाचित्रे दाखवू लागलो. पण ती सगळी मीच काढलेली असल्यामुळे एकातही मी नव्हतो. बाईंच्या कडेवर बसलेल्या कन्येने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीत लक्ष घातले. पत्नीला फोन लावून देतो म्हटले, तर बाईंनी तेही नाकारले. नोंदलेल्या क्रमांकावर फोन त्या स्वतःच लावणार होत्या. तो लागेपर्यंत मला बसायला एक खुर्ची मिळाली, जी तीन वर्षांच्या मुलाच्या मापाची होती. गुडघे कानांशी आणून मी त्या खुर्चीत बसलो, खिशातून यादी काढली आणि सतराव्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली.

अखेर फोन लागला. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि पत्नीला माझे सविस्तर वर्णन ऐकवले. ते ऐकून होकार द्यायला पत्नीने जरा अधिकच वेळ घेतला.