वावराखालचं सोनं आणि कोलारचं खरं चित्र

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडच्या माझ्या मामेभावाने परवा फोन केला. "दादा, वावर विकू का थांबू?" पाच एकर आहे त्याचं, मिरची आणि सोयाबीन. गावात एक दलाल इसाराचे पैसे घेऊन फिरतोय आणि मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. मेसेजमधले दावे असे: कुही-भिवापूरच्या पट्ट्यात सोन्याचा प्रचंड साठा आहे, सरकारने तो दडवून ठेवला, वावराखालचं सोनं कास्तकाराच्याच मालकीचं असतं, आणि खाण सुरू झाली की आपली गावं कर्नाटकातल्या कोलारसारखी श्रीमंत होतील. हा मेसेज मला चार गटांवर आला. शिकल्यासवरल्या माणसांनी पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

साठा आहे का? खुणा आहेत. पुल्लर-परसोडीच्या बाजूला आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याने सोन्याचं खनिज नोंदवलंय. पण खडकात सोनं सापडणं वेगळं आणि परवडेल अशी खाण निघणं वेगळं. आज नागपूर जिल्ह्यात सोन्याची एकही खाण चालू नाही. 2020 च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रबद्दल असाच गलका झाला होता. 3,000 टनांहून जास्त सोनं सापडलं म्हणे! सर्वेक्षणाने खुलासा केला तेव्हा कळलं की सुमारे 52,806 टन खडक आहे, टनामागे 3.03 ग्रॅम सोनं, म्हणजे एकूण साधारण 160 किलो. हा हिशेब आपल्या भाषेत मांडू. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन दगड भरला, तर त्यात सोनं एक तोळाही नाही. तेही खडकात इतकं बारीक विखुरलेलं की डोळ्यांना दिसत नाही. दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं विरघळवायचं, तेव्हा कुठे ते हाती येतं.

दडवल्याच्या गोष्टीत तर काहीच दम नाही. नोंदवलेल्या साठ्यांचे आकडे भारतीय खाण ब्युरो आपल्या वार्षिक ग्रंथात छापतो. त्याचं मुख्यालय आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

आता कोलार. मेसेजमधला सगळ्यात गोड भाग हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

1802 मध्ये इंग्रजांच्या फौजेतल्या जॉन वॉरन नावाच्या अधिकाऱ्याने त्या भागात सोन्याचा शोध घेतला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्यासमोर माती धुऊन कण काढून दाखवले. म्हणजे सोनं गावाला आधीपासून ठाऊक होतं. 1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी आली. 1902 मध्ये शिवनसमुद्रहून वीज पोचली, देशातल्या बहुतेक शहरांत दिवे लागायच्या आधी. बंगले, क्लब झाले, लोक त्याला 'छोटं इंग्लंड' म्हणू लागले. पण बंगले साहेबांचे होते. खाली उतरणारे मजूर बहुतेक तमिळ, त्यातले बरेच दलित, आणि राहायला एकेका खोलीच्या चाळी. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथला खडक 60 अंशांच्या वर तापलेला असायचा, कधी दाबाने फुटून माणसांवर यायचा. दगडाच्या धुळीने छाती निकामी व्हायची. सव्वाशे वर्षांत सुमारे 800 टन सोनं निघालं. टनामागचं सोनं घटत गेलं, खर्च वाढत गेला, आणि 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली.

दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. पहाटे मारिकुप्पमच्या फलाटावर डबे घेतलेली माणसं अंधारात उभी होती. बंगळूरला कामाला जाणारी, रात्री परतणारी. दिवस उजाडल्यावर गावामागे राखाडी टेकड्या दिसल्या. मला वाटलं डोंगर असावेत. त्या खाणीच्या चाळणीतून उरलेल्या सायनाइडच्या मातीच्या टेकड्या, तीन कोटी टनांच्या वर. वारा सुटला तसा एका बाईने दोरीवरचे कपडे घाईने ओढून घेतले. पीठ सांडावं तशी पांढुरकी धूळ ओट्यावर बसली होती. श्रीमंत गाव म्हणतात ते हे.

सोन्याचं गाव आज कसं जगतं हे पाहायचं तर कर्नाटकातल्याच रायचूर जिल्ह्यातलं हट्टी बघा. तिथलं खोदकाम फार प्राचीन. आग लावून खडक तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, अशी जुनी कामं शेकडो फूट खोल सापडली आहेत. जवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेख 1915 मध्ये सापडला, तोही सोनं शोधणाऱ्या बीडन नावाच्या खाण अभियंत्याला. हट्टीची खाण आजही चालू आहे, राज्य सरकारच्या कंपनीची. कायम नोकरी लागलेल्यांची घरं सावरली, हे मी नाकारत नाही. पण सोनं कंपनीचं, गावाचं नव्हे.

मालकीचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 48 वाचा: खनिजांवर हक्क राज्य शासनाचा. खाणपट्टा 1957 च्या खाण-खनिज कायद्याखाली मिळतो, 2015 पासून बहुतेक लिलावानेच. कास्तकाराला मिळतो तो वरच्या जमिनीचा मोबदला. सातबारावर तुमचं नाव आहे म्हणून विहिरीसारखी सोन्याची खाण खोदता येत नाही.

"नदीच्या वाळूतही सोनं आहे, कोणीही काढा" असं मेसेजच्या शेवटी लिहिलंय. तसं काढून श्रीमंत होता आलं असतं तर वाळू-धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझरी लोक आज वाड्यांत राहिले असते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा हाच धंदा. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात दुकानं उघडायच्या आधी मी त्यांना पाहिलंय. पायऱ्यांपुढची धूळ झाडूने गोळा करायची, नालीतला गाळ उपसायचा, लाकडी परातीत पाण्याने फिरवत फिरवत हलकी माती सोडून द्यायची. शेवटी तळाशी काळ्या रेतीची एक रेघ उरते. तिच्यात पारा घालून कण धरायचा आणि पारा जाळायचा, तो धूर त्यांच्याच नाकात जातो. त्या बायांच्या बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली असते.

मामेभावाला सांगितलं, दलालाचा इसार घेऊ नको आणि सोन्याच्या भरवशावर कर्जही काढू नको. मिरचीचा तोडा आटोपला की गट नंबर घेऊन नागपूरला ये. आपण दोघं खाण ब्युरोत जाऊ, मग सेमिनरी हिल्सला सर्वेक्षणाच्या ऑफिसात.