‘सवय होते’ म्हणणाऱ्यांनी शाळेत येऊन बघावं

‘नोकरीतला ताण पहिल्या चार-पाच वर्षांचा. मग सवय होते, आणि सीनियर माणूस तर निवांतच.’ शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मेसेज फिरतोय. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं काढल्यावर तो मला मुकाट्याने पुढे जाऊ देववत नाही.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. शिक्षणसेवकाची, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकाची, तीन वर्षं अवघडच. प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झालं, पण नेमकं आपलं काम कुठवर आणि ऐकायचं कुणाचं, हे नवख्याला तेव्हाही कुणी सांगत नव्हतं, आजही सांगत नाही.

‘मग सवय होते’ हे साफ चूक. सवय शिकवण्याची होते. छोट्या शाळेला मुख्याध्यापकाचं पद मंजूर नसतं, मग पदभार ज्येष्ठ शिक्षकाच्या गळ्यात पडतो. त्याने वर्गही घ्यायचा, यू-डायस ही शाळेची सरकारी ऑनलाइन माहितीही भरायची, पोषण आहाराचा तांदूळही मोजून घ्यायचा. गणिताचा तास रंगात आलेला असताना फोन येतो, ‘माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा.’ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये अशैक्षणिक कामांना मनाई आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम त्याच निवडणुकीच्या वाटेने येतं. नवख्याला काय करायचं ते कळत नसतं. पदभारवाल्याला सगळं कळतं, पण पहिली ते चौथीची पोरं समोर बसवून दोन ठिकाणी हजर राहता येत नाही. संस्थांमधल्या माणसांच्या वर्तनाचे अभ्यासक उदय पारीक यांनी नोकरीतल्या भूमिकेच्या ताणाचे दहा प्रकार वेगळे मांडले, त्यात संदिग्धता, म्हणजे आपलं काम नेमकं काय हे न कळणं, एक आणि कामाचा अतिभार दुसरा. एक सरला म्हणून दुसरा टळत नाही.

आणि सीनियर निवांत? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. त्याहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. माझ्या सहकारी बाई पन्नाशीच्या आहेत. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी बाराखडी शिकवली. आता मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून बालमानसशास्त्राचं गाईड उघडतात. परवा म्हणाल्या, ‘सर, नापास झाले तर पोरांपुढे उभी कशी राहू?’