खरखर काढून मिळेल, व्हायोलिनसकट

थोर वादकांचं जुनं व्हायोलिन नव्या, उंची डिस्कवर, म्हणजे सुपर ऑडिओ सीडीवर, ऐकायची हौस असेल तर पहिली गोष्ट, डिस्क पावसाळ्यात मागवा. आषाढात घरी येईपर्यंत तिच्या पुठ्ठ्याला जी बुरशी धरते तिने जुनेपणाचा अस्सल वास लागतो. शिवाय कस्टमचे पैसे वेगळे मोजताना आपण किती रसिक आहोत हे पोस्टमनलाही कळतं. माझी डिस्क गेल्या महिन्यात आली. किंमत सांगत नाही, आमच्या घरात माझं लिहिलेलं वाचतात.

पुठ्ठ्यावर काय छापलंय ते सावकाश वाचा. मूळ मुद्रणावरून नव्याने संस्कारित, स्टुडिओतला आवाज तुमच्या दिवाणखान्यात, वगैरे. एवढं वाचून थांबता आलं तर उत्तमच.

ऐकायचंच असेल तर साधा सीडी प्लेअर चालेल. म्हणजे डिस्क चालेल; ज्याचे पैसे मोजले ते चालणार नाही. सुपर ऑडिओ सीडी १९९९ पासून मिळते. बहुतेक डिस्कमध्ये दोन थर असतात, एक साध्या सीडीचा आणि एक उंची. साधा प्लेअर साधा थर वाचतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मडगावचे माझे एक स्नेही तीन वर्षं तोच थर ऐकून ‘काय खोली आहे हो आवाजाला!’ म्हणत होते. मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका, माणसं दुखावतात. खास प्लेअर घेतलाच तर तो ऑप्टिकल केबलने जोडा. त्या वाटेने उंची थर बाहेर सोडतच नाहीत, आलीच तर पुन्हा साधी सीडीच येते, पण केबलच्या टोकाचा लाल दिवा सुरेख दिसतो.

स्टॅबिलायझर घ्या. का, ते गोव्यात सांगायला नको.

आकडे मात्र पाठ हवेत. साध्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, हिच्यात २८,२२,४००. (हे एकेका बिटाचे, म्हणजे जेमतेम हो-नाही एवढंच सांगणारे असतात, ती बाब पाहुण्यांना सांगत बसू नये.) आता माझ्या डिस्कवरचं मूळ मुद्रण १९३०च्या दशकातलं, लाखेच्या तबकडीवरचं. त्यात सात-आठ हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, वर फारसं काही उतरलेलंच नाही. म्हणजे गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी बांधायची आणि तिच्यात कळशीभर पाणी ओतायचं. बिल टाकीचं येतं. माणसाचा कान वीस हजारांपर्यंत पोचतो, तोही तरुणपणी. त्यावरची सगळी जागा आमच्या माळ्यावरच्या वटवाघळांना दिली आहे.

आता खरखर. ती मुळीच खपवून घेऊ नका. जुन्या आवाजात खरखर म्हणजे पाहुण्यांसमोर आजोबांचा खोकला. सुदैवाने संगणक आहे. सुई रिकाम्या खाचेतून जाते तेव्हाचा आवाज तो ऐकून ठेवतो, त्याचा ठसा घेतो आणि सबंध मुद्रणातून तेवढं वजा करत सुटतो. छान. पण व्हायोलिन वाजतं कसं, हे त्याला कोण सांगणार? आमच्याकडे गोव्यात जुनी माणसं व्हायोलिनला रेबेक म्हणायची. चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम, गिरवत पोरं ते शिकली, त्यातली कितीतरी मुंबईला जाऊन सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे तर खुद्द प्यारेलाल शिकले. अशा मुलखात रेबेक हातभर अंतरावरून ऐकायला मिळतं, म्हणून सांगतो. गजाच्या केसांना राळ घासलेली असते. ती तारेला धरते, सोडते, धरते, सोडते. सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तरी सेकंदाला १९६ वेळा. सूर निघतो तो या धरसोडीतून, आणि तिला स्वतःची एक खसखस असते. संगणकाला ती खसखस आणि तबकडीची खरखर एकाच जातीची वाटते. मग खरखर जाते, तिच्याबरोबर राळ जाते, गज वळतो तेव्हाचा तो बारीकसा श्वास जातो, सभागृहात विरत जाणारी सुराची शेपटी जाते. उरते पिपाणी. जत्रेतल्या पिपाणीला निदान फुंकणाऱ्याची थुंकी तरी लागलेली असते! वर कोरडं वाटू नये म्हणून डिस्क काढणाऱ्यांनी कृत्रिम घुमारा ओतलाय, व्हायोलिन विहिरीत पडल्यासारखा. बांगड्याला वास येतो म्हणून हुमणातला बांगडा काढून टाकायचा, सोलांचं पाणी बशीत वाढायचं आणि शुद्ध हुमण म्हणून पाचपट पैसे घ्यायचे, त्यातला हा प्रकार.

वडिलांनी गिरगावातून आणलेली याच वादनाची तबकडी माझ्याकडे आहे. खोबरेल तेलात मोहरी तडतडावी तशी वाजते. दोन मिनिटांत कान मोहरी विसरतो आणि पलीकडे एक माणूस उभा असतो, हनुवटीखाली व्हायोलिन धरून.

आणि व्हायोलिन न मारता जुनं मुद्रण नव्या डिस्कवर आणणं जमतच नाही असंही नाही. थोर व्हायोलिनवादक हायफेट्झने १९५७ साली शिकागोत वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्झ रायनर यांच्याबरोबर वाजवलेला चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो घ्या. मूळ टेप तीन ट्रॅकची, उंची डिस्कवर पाच स्पीकरांची सोय असूनही तीनच ठेवले. मागचे दोन स्पीकर गप्प. टेपचा सूं सूं आवाज तसाच आहे. हायफेट्झ नको तितका जवळ आहे, तोही तसाच. कुणीतरी तिथे हात आवरला, एवढंच.

तक्रार करायची असेल तर सभ्य भाषेत करा. मी केली. नम्र उत्तर आलं, ‘कृपया आवाजातला दोष कळवावा.’ मी कळवलं, आवाजात काहीच नाही, हाच दोष. उघडलेला माल ते परत घेत नाहीत.

पुरे झाला हा शहाणपणा. अहो, नव्वद वर्षांपूर्वी एक माणूस मायक्रोफोनसमोर उभा राहून एका दमात चार मिनिटं वाजवून गेला. चुकलं की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून, कापाकापीची सोय नाही. त्याच्या गजावरची राळ पुसायचा अधिकार या डिस्क काढणाऱ्यांना दिला कुणी? खरखर काढता येते म्हणून काढायची? आणि तुम्ही, विकत घेणारे, तुम्ही कसले साळसूद! दुकानात तुमचा पहिला प्रश्न काय असतो? ‘क्लिअर आहे ना?’ जरा खरखर लागली की डिस्क परत करता, आणि व्हायोलिन मेलेलं असलं तर तुमच्या लक्षातही येत नाही. हे सगळं त्यांनी तुमच्यासाठीच केलंय. कान आहेत की कोनाडे? कधीतरी कला अकादमीत पहिल्या रांगेत बसा आणि गज तारेला लागतो तेव्हा काय ऐकू येतं ते ऐका. ते नको असेल तर व्हायोलिनच्या वाटेला जाऊ नका. शांतता हवी ना? प्लेअर बंद ठेवा. तिला कस्टमसुद्धा लागत नाही.