दर इनबॉक्समध्ये पाठवला आहे

मोहर कसा आला, तुडतुड्यांनी किती खाल्ला, कोणती फवारणी लागू पडली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण आंबा झाडाला लागतो आणि विकला मोबाइलवर जातो, हे एव्हाना तुमच्या मुंबईच्या पुतण्याने तुम्हाला पटवलेलं असणार. मी देवगडकडच्या माझ्या मामाच्या बागेचं इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि एक वेबसाइट असा संसार पाच हंगाम सांभाळला आहे. गिऱ्हाईक आपल्यापर्यंत पोचू नये म्हणून काय काय करता येतं, याचा एवढा अनुभव किनारपट्टीवर फार थोड्यांकडे असेल. तो फुकट देतोय, घ्या.

भाव कधीही लिहू नये. पेटीचा फोटो टाकावा, खाली ‘थेट बागेतून तुमच्या दारात’ असं लिहावं आणि गप्प बसावं. डोंबिवलीहून कोणीतरी विचारतं, ‘किंमत?’ आपण लिहायचं, ‘दर इनबॉक्समध्ये पाठवला आहे.’ मग खाली दुसरी बाई येते, ‘मलाही.’ तिलाही इनबॉक्स. एका पाडव्याला आमच्या एका पोस्टखाली अशा 47 कॉमेंटी जमल्या. मामा खळ्यात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला तो आकडा सांगत होता. पेट्या दोन गेल्या, त्यातली एक माझ्या सासऱ्यांनी घेतली. बाकीच्यांना आम्ही पाठवलेला दर ‘मेसेज रिक्वेस्ट’ नावाच्या अडगळीत पडून राहिला. अनोळखी माणसाचा निरोप तिकडेच जातो, हे आम्हाला जूनमध्ये कळलं.

भाव लिहावाच लागला तर नुसता ‘पेटीचा’ लिहा. पेटी किती डझनी, आंबा किती ग्रॅमचा, याचा उच्चार करू नका. त्याच मापाच्या पेटीत चार डझन बसतात आणि सातही बसतात. सात बसले म्हणजे फळ बारीक, हे तुम्हाला माहीत आहे. ठाण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं, तीन डझन जास्त मिळाले. तो आनंद पेटी उघडेपर्यंत टिकतो, आणि पैसे तर आपण आधीच घेतलेले असतात.

फोटो गूगलवरून घ्या. आपल्या आंब्याला देठाशी चीक असतो, अंगावर डाग असतात, असलं काही दाखवू नये. मी पहिल्या वर्षी एक लालबुंद, दवबिंदू आलेला आंबा निवडला होता. तो परदेशी बाजारातला टॉमी ॲटकिन्स निघाला. हे आमच्या लक्षात आलं नाही, कणकवलीच्या एका गिऱ्हाइकाच्या आलं, आणि त्याने ते चारचौघांत विचारलं. कॉमेंट उडवली. कॉमेंट उडवणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त माणूस आहे, त्याला मजुरी द्यावी लागत नाही.

रील हवंच. जून 2020 च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्या दहा दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, तेव्हापासून बागायतदाराने नाचायचं की नाही एवढाच प्रश्न उरला आहे. आम्ही ड्रोन भाड्याने आणला. एप्रिलच्या ऐन तोडणीत गडी घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, खाली ठेवून वर बघत उभे. त्यातला एक म्हातारा म्हणाला, ‘झाडार चढाक गडी गावणत नाय, आनी ह्यो ड्रोन उडयता.’ हे वाक्य रीलमध्ये राहिलं असतं तर ते चाललं असतं. मी ते कापून तिथे पंजाबी गाणं घातलं.

मजकूर फ्लेक्सवाल्याकडून घ्यावा. त्याच्याकडे जुन्या फाँटात सुंदर मराठी असते. ती फेसबुकवर चिकटवली की चिनी आणि रोमन यांच्या मधलं काहीतरी उमटतं. मग ती चित्र करून टाका. चित्रातली अक्षरं शोधणाऱ्याला सहसा सापडत नाहीत, त्यामुळे ‘देवगड हापूस ठाणे घरपोच’ असं टाकणारा माणूस तुमच्या वाटेला येत नाही.

‘100 टक्के कार्बाइडमुक्त’ हे मात्र ठळक लिहा. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा ही पाटी ‘आमच्या खानावळीत पाकीट मारलं जात नाही’ यासारखी आहे. पण वाचायला बरी वाटते. शेजारी भौगोलिक मानांकनाचं चिन्ह लावा. हापूसला ते 2018 साली मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ते वापरायला आपली स्वतंत्र नोंदणी लागते, ही कटकट झाली. चिन्ह गूगलवर मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटी घरी आल्यावर काय करायचं, हे कुठेही लिहू नका. मामा एप्रिल-मेमध्ये दिवसाला तीसेक वेळा फोनवर तेच सांगतो: पेटी आल्या आल्या उघडा, आंबे मोकळे काढा, गवतावर नाहीतर कागदावर एकाला एक न लावता मांडा, फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज बघा, वास सुटला आणि साल जराशी सुरकुतली की त्या दिवसाचे खा. एवढं वाक्य पेटीच्या झाकणाला चिकटवलं असतं तर मामाचा घसा वाचला असता. पण झाकणावर आमचा लोगो आहे आणि लोगोत मोर आहे. जागा नाही. म्हणून माटुंग्याच्या एका बाईंनी कडक आंबे तसेच फ्रिजमध्ये ठेवले, आठवड्याने काढले आणि एक तारा देऊन लिहिलं, ‘बेचव.’ मामाने उत्तर दिलं, ‘आंबा कळायला कोकणात जन्माला यावं लागतं.’ बाईंचं माहेर मालवण निघालं.

साका निघाला तर काय करायचं, हाही प्रश्न येतो. बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. कापल्याशिवाय तो बागायतदारालाही दिसत नाही. मामीचा हिशेब सोपा होता. ती म्हणायची, ‘फोटो पाठवा, जेवढे खराब तेवढे पुढच्या पेटीत टाकते.’ आम्ही ही प्रथा बंद करून वेबसाइटवर ‘अटी व शर्ती’ नावाचं पान टाकलं. ते एका औषधकंपनीच्या पानावरून उतरवलं होतं, त्यामुळे आजही त्यात आंबे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा, असं आहे.

मामीची एक वहीही होती. लांबट, लाल कापडी पाठीची. ‘दादर, जोशी काकू, 3 डझन, कच्चटच लागतात, मुलगा 8 मेला येतो.’ ‘पार्ले, भाव करतात, पण दरवर्षी घेतात.’ ‘हे गेले. बाईंना दोन डझन तसेच पाठवायचे.’ अशी अडीचशे-तीनशे माणसं. मी ती सगळी एका बसणीत मोबाइलमध्ये चढवली, म्हणजे नाव आणि नंबर. शेरे टाकायला रकाना नव्हता. मग व्हॉट्सॲपवर 256 जणांची एक ब्रॉडकास्ट यादी केली, म्हणजे एकच निरोप सगळ्यांना एकदम जातो, आणि रोज सकाळी शुभेच्छा सुरू केल्या. गुरुवार, एकादशी, जागतिक जलदिन, खाली आपला मोर. ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. त्यांनी जतन केलेला नंबर मामीचा होता, मी पाठवत होतो माझ्यावरून. त्यामुळे ती वर्षभराची सुप्रभातं कोणालाच गेली नाहीत. आमच्यावर लोक नाराज झाले नाहीत, ते त्यामुळेच.

पावसाळा लागला की पानाकडे फिरकू नका. पासवर्ड पुतण्याकडे, पुतण्या आता बेंगळुरूला. वेबसाइटचं नाव दरवर्षी पैसे भरून पुन्हा घ्यावं लागतं, त्याचं स्मरणपत्र ज्या इमेलवर येतं तो कोणाचा हे घरात कोणालाच ठाऊक नाही. पानावर मात्र वरच चिकटवलेलं राहू द्या: ‘बुकिंग सुरू! पेट्या मर्यादित!’ परवा श्रावणात कोणीतरी विचारलं, ‘आंबे आहेत का हो?’ लगेच आपोआप उत्तर गेलं, ‘नमस्कार, आपली चौकशी आमच्यासाठी मोलाची आहे, दर इनबॉक्समध्ये पाठवला आहे.’ मामाने ते वाचलं आणि मला फोन करून विचारलं, ‘कितीचा पाठवलास?’