पाचव्या दिवसाचा धंदा

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतल्या 'स्टार्टअप महाकुंभा'त केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी नवउद्योजकांनाच सुनावलं. घरपोच सामान पोचवणारी मुलंमुली होण्यातच आपण समाधान मानणार का, चीन बॅटऱ्या आणि सेमीकंडक्टरच्या मागे लागलाय, आपण कशाच्या मागे लागलोय, असा त्यांचा रोख होता. त्यावर पुढचे कित्येक दिवस रण माजलं. काहींना मंत्र्यांचं म्हणणं पटलं, तर काही संस्थापकांनी आपण किती जणांना काम दिलं, किती कर भरला, याचे आकडे पुढे केले. जर्मनीत बसून हे वाचताना मला दोन्ही बाजूंची एकच गोष्ट खटकत होती. भांडण होतं ते मोठं काय करायचं याचं. मोठंच का करायचं, हे कुणी विचारतच नव्हतं.

सरकारी व्याख्येचा कलही तिकडेच आहे. उद्योग संवर्धन विभागाकडून 'स्टार्टअप' म्हणून मान्यता हवी तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशी एखादी संस्था लागते. एकट्याची प्रोप्रायटरशिप चालत नाही. शिवाय कल्पना नवी हवी, नाहीतर धंदा भराभर वाढणारा आणि रोजगार किंवा संपत्ती निर्माण करणारा तरी हवा. खर्च भागवून चार पैसे उरवणारा आणि तेवढाच राहू इच्छिणारा एकट्याचा धंदा 'उद्यम' पोर्टलवर फुकटात, घरबसल्या नोंदवता येतो. अडचण नोंदणीची नाहीच, अडचण कौतुकाची आहे. अशा धंद्याबद्दल सांगितलं की समोरचा दोन क्षण थांबतो आणि विचारतो, "बरं, मग पुढे काय?"

मी तसाच एक धंदा चालवते. घरी जाऊन संगीत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी छोटीशी सेवा आहे: विद्यार्थ्यांची यादी, तासांचं वेळापत्रक, आदल्या दिवशी जाणारी आठवण आणि महिन्याअखेरचं बिल. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. माहिती एअरटेबल नावाच्या ऑनलाइन तक्त्यात राहते, शिक्षकांना दिसणारी पानं सॉफ्टरवर बनवली आहेत आणि दोन्हींच्या मधली धावपळ मेक नावाचं टूल करतं. ग्राहक पन्नासच्या आत आहेत. त्यातल्या प्रत्येकाचं नाव मला माहीत आहे आणि हा आकडा पाचशेवर न्यायची मला अजिबात घाई नाही.

यातलं अवघड काम टूलचं नव्हतं. ते होतं रद्द झालेल्या तासाचं. तास रद्द झाला की पैसे लागणार का? एका बाईंकडे विद्यार्थ्याने आदल्या दिवशी कळवलं तर पैसे नाहीत, त्याच दिवशी कळवलं तर पूर्ण. दुसऱ्या एका शिक्षकांकडे आजारपण माफ, पण वर्षातून ठरावीक वेळाच. तिसऱ्यांकडे महिन्याची रक्कम ठरलेली, तास बुडाला तर भरून द्यायचा, पैशांचा विषयच नाही. म्हणजे तक्त्यात 'रद्द' असा एक रकाना ठेवून भागत नाही. कुणी रद्द केला, कधी कळवलं, कारण काय आणि या शिक्षकाचा नियम कोणता, असे चार रकाने लागतात आणि त्यांवर बसलेलं एक लांबलचक सूत्र. हे सूत्र लिहायला एक संध्याकाळ पुरली. ते काय असावं हे कळायला मात्र शिक्षकांशी कितीतरी वेळा बोलावं लागलं. मोठी कंपनी या फंदात पडणार नाही, कारण एवढ्याशा बाजारात तिचा पगारखर्चही निघायचा नाही. माझं पोट त्यावर नसल्यामुळे मला तो बाजार पुरतो.

तिकडे भारतात नो-कोड हा शब्द ऐकू येतो तो बहुधा कोर्सच्या जाहिरातीत. कोडची एक ओळ न लिहिता दोन दिवसांत अ‍ॅप बनवा आणि झोपेत कमवा. अ‍ॅप दोन दिवसांत बनतं, हे खोटं नाही. मुळात ही गंमत नवीही नाही. १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाचं स्प्रेडशीट आलं तेव्हा हिशेबनीसांना प्रोग्रॅमरच्या पाया न पडता आकडेमोड मांडता आली, तेही नो-कोडच होतं. पण जाहिरात सांगते त्यात एक अट गाळलेली असते. कोडची अट गेली, वेळेची गेली नाही. ग्राहकाशी बोलायला, त्याचा तिरका नियम समजून घ्यायला, बिल चुकलं तर त्याच दिवशी दुरुस्त करायला, डोकं ताजं असलेले काही तास आठवड्यातून नेमाने लागतात. ते कुठून आणायचे, यावर जर्मनी आणि भारत यांच्यातला खरा फरक मला दिसतो.

इथे २००१ पासून एक कायदा आहे. पंधराहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने झाले की कामाचे तास कमी करून मागता येतात आणि कामकाजाची सबळ अडचण दाखवल्याशिवाय कंपनीला नाही म्हणता येत नाही. पगार त्या प्रमाणात कापला जातो, नोकरी टिकते. मी चार दिवस नोकरी करते आणि पाचवा दिवस शिक्षकांचा. या जोडधंद्याबद्दल कंपनीला कळवलं तेव्हा मनुष्यबळ विभागाने विचारलं एवढंच, की तो आमच्या क्षेत्रातला आहे का आणि तुमच्या कामाच्या वेळेत होणार आहे का. दोन्हींचं उत्तर नाही. विषय संपला. स्पर्धकाचं काम किंवा नोकरीवर होणारा परिणाम, असं काही ठोस कारण असल्याशिवाय मालकाला इथे आडवं येता येत नाही.

आता हेच आपल्याकडे कसं चाललंय ते पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी आयटीतल्या जोडनोकरीला सरळ फसवणूक म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. ते लोक स्पर्धक कंपन्यांसाठी काम करत होते, हे त्यांचं म्हणणं लक्षात घ्यायलाच हवं. त्यांना इथेही कुणी ठेवलं नसतं. पण त्या गदारोळात स्पर्धकाकडे चोरून दुसरी नोकरी करणारा आणि रविवारी स्वतःचं छोटंसं अ‍ॅप सांभाळणारा, दोघे एकाच पिंजऱ्यात उभे राहिले. इन्फोसिसने आधी कडक मेल पाठवला आणि ऑक्टोबरमध्ये परवानगी घेऊन बाहेरचं काम करायला मुभा दिली. ही खरी महत्त्वाची बातमी होती, पण तिची चर्चा फारशी झालीच नाही. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींचे आठवड्याचे ७० तास आले आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९०. या आकड्यांवर विनोद झाले, तब्येतीची काळजी झाली, कुटुंबाची झाली. त्याहून साधा हिशेब कुणी मांडल्याचं मला दिसलं नाही: ७० तास दुसऱ्यासाठी राबणारा माणूस उद्योजक होणार कधी? एकाच व्यासपीठावरून तरुणांनी नोकऱ्या देणारे व्हावं असंही म्हणायचं आणि त्यांचा रविवारही मागायचा, हे जमणारं गणित नाही. मग उरतो तो एकच मार्ग, नोकरी सोडून उडी. ती ज्यांच्या घरात दोन वर्षं बिनपगारी काढता येतात त्यांनाच परवडते.

एवढं वाचून जर्मनी म्हणजे छोट्या धंद्याचा स्वर्ग, असं कुणाला वाटलं तर ते दुरुस्त करायला हवं. पहिली गोष्ट म्हणजे परदेशात आलेल्या आपल्या बहुतेकांना ही मोकळीक पहिल्या दिवशी नसते. ब्लू कार्डवर आलेल्या माणसाचा परवाना नोकरीचा असतो. स्वतःचा धंदा करायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत एच-वन-बी वर असलेल्यांची गत याहून कठीण. कायमचा वास्तव्य परवाना हातात येईपर्यंत माझंही सगळं कागदावरच होतं. भारतातल्या भारतीयाला हे बंधन नाही, हा त्याचा फायदा त्याच्याच लक्षात नसतो.

दुसरी गोष्ट विम्याची. इथे नोकरदाराच्या आरोग्य विम्याचा साधारण अर्धा हप्ता मालक भरतो. नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतःचं सुरू केलं की तो सगळा स्वतःच्या खिशातून. माझा धंदा चार दिवसांच्या नोकरीला टेकून उभा आहे, म्हणून टिकाऊ आहे. नुसत्या त्याच्यावर मी उभी राहिले तर वर्षभरात ग्राहक वाढवण्याच्या मागे धावावं लागेल आणि मग तो हवा तेवढाच ठेवणं संपलं.

कागदपत्रांबद्दल तर बोलूच नये. वेबसाइटवर नाव-पत्ता जाहीर करायचा, विद्यार्थ्यांची माहिती कुठल्या सर्व्हरवर राहते ते शिक्षकांना लिहून द्यायचं. पण याच कागदपत्रांत छोट्यांसाठी एक दार ठेवलेलं आहे. २०२५ पासून, मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल आणि चालू वर्षी १ लाखाच्या आत राहिली, तर विक्रीकर लावायचा नाही, बिलावर तसं एक वाक्य लिहायचं. भारतातही सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा या बाबतीत आपण काही मागे नाही. दरमहा पैसे वळते करून घेण्यात तर दोन्हीकडे कटकटच आहे. तिकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना द्यावी लागते, इकडे थेट बँकेतून कापलेले पैसे ग्राहक आठ आठवड्यांत कारण न देता परत मागू शकतो.

माझ्या ग्राहकांच्याच पेशातली एक गोष्ट एकट्याच्या धंद्याची दुसरी बाजू दाखवते. २८ जून २०२२ रोजी इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्गच्या संगीत शाळेतल्या एका पियानो शिक्षिकेबद्दल निकाल दिला, की ती स्वतंत्र व्यावसायिक नाही, शाळेची कर्मचारीच आहे. वर्ग शाळेचे, विद्यार्थी शाळेचे, तर मग विम्याचा वाटाही शाळेने भरावा. निकाल शिक्षिकेच्या हिताचा. पण शाळांवर खर्च वाढला, आणि नोकरी मिळेल की असलेले तासही जातील, या धास्तीत कित्येक शिक्षक राहिले. 'मी माझा मालक' म्हणणाऱ्याला एकच मोठा ग्राहक असेल, तर तो मालक नसतोच. त्याला पगारी रजा नसते, एवढाच काय तो फरक. नो-कोडवर एकाच कंपनीसाठी अ‍ॅप बनवून 'फ्रीलान्सर' झालेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि आपला दुसरा मालक म्हणजे टूल. अ‍ॅमेझॉनने २०२० मध्ये हनीकोड नावाचं नो-कोड टूल काढलं आणि फेब्रुवारी २०२४ अखेर बंद केलं. अ‍ॅमेझॉनसारखी कंपनी! बबल नावाच्या अशाच टूलने २०२३ मध्ये दर आकारण्याची पद्धतच बदलली आणि वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला. तिथे बनवलेलं अ‍ॅप कोड म्हणून उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून माझा एक हट्ट आहे. विद्यार्थ्यांची आणि बिलांची सगळी यादी दर रविवारी साध्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि शिक्षकांचे मेल-पत्ते कुठल्याही टूलच्या बाहेर ठेवायचे. टूल बुडालं तर पंधरा दिवस हाल होतील, धंदा बुडणार नाही.

हल्ली मला सांगितलं जातं, की आता एआय कोड लिहून देतं, नो-कोड संपलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेई कारपथी यांनी 'व्हाइब कोडिंग' (साध्या भाषेत सांगून एआयकडून कोड लिहून घेणं) हा शब्द आणल्यापासून तर फारच. मला हे अर्धंच पटतं. कोड फुकट मिळेल, पण तो सांभाळायचा कुणी? इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. एका वर्षी सोमवारच्या सगळ्या आठवणी तासाने चुकीच्या गेल्या, कारण वेळ कुठेतरी युटीसीमध्ये, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवली जात होती. (भारतात घड्याळ बदलतच नाही, त्यामुळे तिकडच्या मित्राला हा घोळ समजावण्यातच माझा अर्धा तास गेला.) माझ्यासमोर एक रकाना होता आणि त्यात टाइमझोन निवडायची सोय, दहा मिनिटांत निस्तरलं. तेच मला न कळणाऱ्या दोन हजार ओळींमध्ये असतं तर मी सोमवारी सकाळी कुणाचे पाय धरले असते? एकट्या माणसाला लागते ती बनवण्याची नव्हे, दुरुस्तीची सोय.

माझा भाचा आयटीत आहे. परवा फोनवर विचारत होता, "मावशी, सुरुवात करायला कुठलं टूल शिकू?" म्हटलं, टूल राहू दे, आधी तुझं नेमणूकपत्र काढ आणि बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाच. मग असे ग्राहक शोध ज्यांना तुझी गरज तुझ्या ऑफिसच्या वेळेबाहेर लागते. दुपारी दोनला फोन करणारा ग्राहक तुझ्या कामाचा नाही. त्याने पत्र वाचलं. कलमात 'कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय' असं आहे. म्हणजे मागायला बंदी नाही. "मग माग की," मी म्हटलं.

"अप्रेझल होऊ दे," तो म्हणाला.